माऊसचं पोर्ट पोटाखाली का? डिझाईनवर नीट भांडायचं कसं

माऊस, कीबोर्ड, केबल, चार्जर, हब ह्यांच्यावरून ऑफिसात, घरात, मित्रांच्या ग्रुपवर रोज वाद होतात आणि बहुतेक वेळा दहाव्या मिनिटाला गाडी कंपनीवर येऊन आदळते, एक जण म्हणतो हे लोक नुसते लुटतात, दुसरा म्हणतो तुला परवडत नाही म्हणून बोलतोस, आणि मूळ मुद्दा, म्हणजे ते पोर्ट तिथेच का आहे, ते बटण असं का आहे, तो राहतो बाजूला. मला हे फार खटकतं. दिवसाचे आठ-नऊ तास ज्या वस्तूवर आपला हात असतो तिच्याबद्दल आपल्याला धड बोलता यायला पाहिजे. धड बोललं की पुढचं ठरवता येतं, वस्तू घ्यायची, परत करायची, कंपनीला कळवायचं, की आहे तशी चालवून घ्यायची.

आमच्या अंधेरीच्या ऑफिसात माऊस-कीबोर्डची ऑर्डर जायच्या आधी लोक मला विचारतात, त्यामुळे असले वाद माझ्याच टेबलाभोवती होतात. त्यातून जी पद्धत बसली ती लिहितेय. सगळ्याच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: ह्या निर्णयाची किंमत कोण मोजतंय, किती वेळा मोजतंय, आणि त्या बदल्यात कोणाला काय मिळतंय. हा प्रश्न हातात ठेवला की वाद भरकटत नाही, बाकी सगळं ह्याचंच स्पष्टीकरण समजा.

तक्रार एका वाक्यात बसवा

"हा माऊस बेकार आहे" असं कोणी म्हणालं तर तो वैताग आहे, त्यावर वाद घालता येत नाही. तक्रार म्हणजे कोण, काय करत असताना, कुठे अडतो, एवढं एका वाक्यात आलं पाहिजे.

सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण घेऊ, ॲपलचा मॅजिक माऊस. 2009 चा पहिला मॅजिक माऊस दोन एए सेलवर चालायचा. 2015 मध्ये बॅटरी आतच रिचार्जेबल झाली आणि चार्जिंगचं लायटनिंग पोर्ट (हे ॲपलचं स्वतःचं) तळाला गेलं, म्हणजे केबल लावायची तर माऊस आडवा किंवा उताणा ठेवायचा आणि तेवढा वेळ हात बांधून बसायचं. तक्रारीचं वाक्य झालं, "चार्जिंग चालू असताना हा माऊस वापरता येत नाही." ह्यात किंमत नाही, रंग नाही, ॲपल वापरणाऱ्यांचा स्वभाव नाही, म्हणून ह्यावर बोलता येतं.

आता "किती वेळा" हा भाग. ॲपलचं म्हणणं असं की एकदा पूर्ण चार्ज केला की महिनाभर किंवा त्याहून जास्त चालतो आणि दोन मिनिटं चार्ज केला तर साधारण नऊ तास निघतात. मॅजिक माऊस आवडणारा माणूस हेच आकडे पुढे करणार, आणि ते मान्य करा, कारण "चहा आणायला जाताना लाव, येईपर्यंत दिवसाचं काम भागेल" ह्या बोलण्यात दम आहे. पण मग त्याला विचारायचं की ती दोन मिनिटं येतात कधी? बॅटरी संपते ती कामाच्या मध्येच, क्लायंटला स्क्रीन शेअर करून दाखवत असताना किंवा फाईल पाठवायची शेवटची पाच मिनिटं उरलेली असताना, आणि नेमकं तेव्हा माऊस उलटा पडलेला असतो. म्हणजे किंमत महिन्यातून एकदाच मोजायला लागते पण नको त्या वेळी.

मग तुलना काढा. लॉजिटेकच्या एमएक्स मास्टर माऊसला पोर्ट पुढच्या कडेला आहे, केबल लावली की तो वायरवाल्या माऊससारखा चालू राहतो आणि चार्जही होतो, म्हणजे हे करता येतं हे सिद्ध झालं. समोरचा म्हणेल अगं पण मॅजिक माऊसची पुढची कड बघ किती पातळ आहे, टाईप-सीचं तोंडच अडीच मिलीमीटरच्या वर उंच असतं, ते तिथे घालायचं तर सगळा आकार बदलायला लागेल. हे उत्तर मला आवडतं, कारण इथून पुढे वाद आकार मोठा की काम मोठं ह्यावर येतो आणि तो खरंच डिझाईनचा वाद आहे.

माझं मत सांगते. 2024 च्या ऑक्टोबरात ॲपलने लायटनिंग काढून टाईप-सी आणलं आणि पोर्ट होतं तिथेच, तळाला ठेवलं. 2015 चं कोणी घाईत झालं म्हणून सोडून देईल, पण नऊ वर्षं लोक बोलत असताना पोर्टचा प्रकार बदलला आणि जागा तीच ठेवली म्हणजे हा पूर्ण विचाराने घेतलेला निर्णय आहे, आणि मला तो चुकीचा वाटतो. माऊस दिसायला सुंदर राहतो त्याचा फायदा दुकानातल्या टेबलावर होतो, अडचण मात्र घेणाऱ्याला होते. "वायरलेसच वापरावा म्हणून मुद्दाम केलंय" असं जे बोललं जातं तो लोकांचा अंदाज आहे, तो अंदाज म्हणूनच बोला, कंपनीच्या तोंडी घालू नका. वादात अंदाज आणि माहिती एकत्र झाली की समोरच्याला तुमचा एक धागा सापडतो आणि तो सगळंच उसवतो.

कारण शोधा, आणि ते कुठल्या सालचं आहे तेही बघा

यूएसबीची जुनी चपटी पिन, टाईप-ए, तीन वेळा फिरवल्याशिवाय लागत नाही ह्यावर आजपर्यंत किती चिडचिड झाली असेल. कॉम्प्युटरच्या मागे हात घालून, न बघता, एकदा लावून बघायची, नाही लागली, उलटी केली, तरी नाही, पुन्हा सरळ केली की लागते. तक्रार शंभर टक्के खरी आहे. पण हिचं कारण आपल्याला माहीत आहे, आणि ते ज्याने सांगितलं तो माणूस आपल्याकडचाच, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून शिकलेले अजय भट्ट, इंटेलमध्ये यूएसबी घडवणाऱ्या टीमचे प्रमुख. त्यांनी मुलाखतीत सांगितलंय की दोन्ही बाजूंनी लागणारी पिन करायची तर वायरी दुप्पट, सर्किट दुप्पट आणि त्यामुळे खर्च दुप्पट झाला असता.

आता 1996 सालचा कॉम्प्युटर डोळ्यासमोर आणा. यूएसबी 1.0 त्या वर्षी आलं. कीबोर्डला एक गोल पिन, माऊसला दुसरी गोल पिन, प्रिंटरला ती रुंद पॅरेलल केबल दोन स्क्रू फिरवून घट्ट करायची, मोडेमला सीरियल, आणि नवीन काही जोडलं की मशीन बंद करून चालू करा. हे सगळं एका पिनवर आणायचं आणि तेही प्रत्येक कंपनीने स्वीकारावं असं करायचं, तर ती पिन स्वस्तच असायला लागते, नाहीतर एकाही माऊस बनवणाऱ्याने ती घेतली नसती. म्हणून टाईप-ए बद्दल मी वाद घालताना म्हणते की वापरणाऱ्याने त्रास भोगला पण बदल्यात सगळ्यांना एकच पिन मिळाली, सौदा त्या काळात ठीक होता. तोच सौदा 2024 मध्ये कोणी नव्या वस्तूत करत असेल तर मात्र त्याला कारण द्यायला लागेल. (आणि जुनी पिन अजून वापरत असाल तर पिनवरचं ते त्रिशूळासारखं चिन्ह बघा, आडव्या पोर्टला ते वरच्या बाजूला ठेवून लावायचं असतं, स्वस्त केबलवर दोन्हीकडे छापलेलं नसेल तर चुकत नाही.)

मायक्रो यूएसबीचंही असंच आहे. ते छोटं नाजूक टोक दोन वर्षांत सैल होतं म्हणून सगळे वैतागायचे, पण त्यात पकडून ठेवणाऱ्या स्प्रिंग मुद्दाम केबलच्या टोकात घातल्या होत्या, म्हणजे झिजली तर शंभर-दीडशेची केबल झिजावी, मोबाईलचं पोर्ट वाचावं. हे कळल्यावर चिडचिड कमी होते असं नाही, पण कशावर चिडायचं ते कळतं.

कारण शोधायला वेळ लागतो हे मान्य. तरी दोन मिनिटं काढा, त्या वस्तूच्या आधीच्या मॉडेलमध्ये काय होतं आणि नंतरच्या मॉडेलमध्ये काय झालं हे बघा. 1998 च्या आयमॅकबरोबर ॲपलने पूर्ण गोल माऊस दिला होता, हात ठेवल्यावर पुढची बाजू कुठली तेच कळायचं नाही, मग नंतर बटणावर एक छोटा खळगा आला, आणि 2000 मध्ये तो माऊसच बदलून लांबट केला. कंपनी स्वतः मागे फिरली असेल तर तुमच्या बाजूने ह्याच्याइतका भक्कम पुरावा दुसरा नाही.

आवड, सौदा, की नियमच मोडलाय?

हे वेगळं करणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि इथेच लोक सगळ्यात जास्त घोळ करतात. कीबोर्डचा आवाज मोठा असणं ही आवड आहे, कोणाला टकटक आवडते, कोणाला नाही, त्यावर तासभर घालवू नका. पोर्ट तळाला ठेवणं हा सौदा आहे, एक गोष्ट देऊन दुसरी घेतली, त्यावर वाद घाला. आणि तिसरा प्रकार असा की स्टँडर्डमध्ये स्पष्ट लिहिलेलं असताना ते केलेलंच नाही. तिथे वादच नाही, तिथे सरळ परत करायचं.

ह्या तिसऱ्याचं उदाहरण आज जवळजवळ प्रत्येक घरात आहे. स्वस्तातला वायरलेस माऊस, टेबलावरचा छोटा स्पीकर, क्लिपवाला दिवा, वाकणारा पंखा, कशालाही बघा, टाईप-सी पोर्ट आहे, बॉक्समध्ये एक छोटीशी केबल दिलीय जिचं एक टोक टाईप-सी आणि दुसरं जुनं टाईप-ए. ह्या केबलने तो व्यवस्थित चार्ज होतो. मग तुम्ही लॅपटॉपच्या नव्या चार्जरची दोन्हीकडे टाईप-सी असलेली केबल त्याला लावता आणि काहीच होत नाही, लाईटसुद्धा लागत नाही. माणूस म्हणतो केबल गेली, चार्जर गेला, वस्तू गेली. ह्यातलं काहीच गेलेलं नसतं.

झालेलं असं असतं: टाईप-सीचा चार्जर समोर कोणी आहे हे कळल्याशिवाय वीज सोडतच नाही. समोर कोणी आहे हे त्याला कळतं ते सीसी नावाच्या दोन पिनांवरून, वस्तूच्या आत त्या प्रत्येक पिनेवर 5.1 किलोओमचा एकेक रेझिस्टर लावलेला असावा लागतो. तो दिसला की चार्जर पाच व्होल्ट सोडतो. हे दोन रेझिस्टर वस्तूत नसतील तर चार्जरच्या दृष्टीने केबलचं दुसरं टोक मोकळं लटकतंय. जुन्या टाईप-ए पोर्टात मात्र पाच व्होल्ट कायम चालूच असतात, म्हणून त्या केबलने चार्ज होतं आणि दुकानदार म्हणतो चालतंय ना. रेझिस्टर म्हणजे तांदळाच्या दाण्यापेक्षा छोटा तुकडा, किंमत नगण्य. तो वाचवला म्हणून घेणाऱ्याला कायमची एक जास्तीची केबल बॅगेत ठेवायला लागते, आणि लोकलला लटकून जाणाऱ्या माणसाच्या बॅगेत आधीच डबा, छत्री, पाण्याची बाटली असते. ह्या निर्णयाचं समर्थन मला तरी कुठल्याच बाजूने करता येत नाही.

म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, किंवा कुठल्याही दुकानात, टाईप-सीची वस्तू घेताना स्वतःची सी-टू-सी केबल आणि चार्जर घेऊन जा. बोलणं साधारण असं होतं:

"दादा, ह्याला सी-टू-सी केबल चालते का?"

"टाईप-सीच आहे मॅडम, चालणार ना."

"एकदा लावून बघू या का, केबल आहे माझ्याकडे."

"आता पॅक माल आहे हो."

"पॅक नका फोडू, डिस्प्लेचा पीस आहे ना तोच द्या."

लावला, लाईट लागला तर घ्या. नाही लागला तर शांतपणे दाखवा की बघा ह्याने होत नाही, आणि दुसरं मॉडेल मागा. दुकानदाराशी ह्यावर भांडू नका, त्याने ते बनवलेलं नाही, उलट पाच गिऱ्हाईकांनी असं तपासून बघितलं तर तोच पुढच्या वेळी माल घेताना विचारेल.

केबलच्या बाबतीत मात्र गोष्ट उलटी आहे. तिथे दोन केबल बाहेरून एकसारख्या दिसतात, दोन्ही नियमात बसतात आणि तरी कामात जमीन-अस्मानाचा फरक असतो. एक केबल सेकंदाला फक्त 480 मेगाबिट डेटा नेते, म्हणजे 2000 सालच्या यूएसबी 2.0 चा वेग, आणि दुसरी तशीच दिसणारी 40 गिगाबिट. चार्जिंगचंही तेच, साधी सी-टू-सी केबल तीन अँपिअरपर्यंत, म्हणजे वीस व्होल्टला 60 वॉट, त्यापेक्षा जास्त पाहिजे तर केबलच्या टोकात ई-मार्कर नावाची चिप लागते, आणि 2021 च्या नियमांनंतर हे 240 वॉटपर्यंत जातं. म्हणजे टाईप-एचा घोळ पिन फिरवण्याचा होता, तो टाईप-सीने 2014 मध्ये मिटवला आणि त्याच वेळी सगळा घोळ डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी नेऊन ठेवला. ह्यात दोष कोणाचा ह्यावर माझा आणि आमच्या आयटीवाल्या मित्राचा वाद अजून चालू आहे, तो म्हणतो एक पिन सगळीकडे लागते हाच मोठा फायदा, फोनची केबल इअरफोनला लागते, अजून काय पाहिजे, आणि मी म्हणते मग निदान केबलवर वेग आणि वॉट छापायला काय जातं. लोगोमध्ये 60 किंवा 240 वॉट असं ठसठशीत छापलेली केबल मिळते, घेताना तीच मागा, आणि घरात ज्या आहेत त्यांना एकदा टेप लावून पेनाने लिहून ठेवा.

ही वस्तू कुठल्या हवेत राहणार आहे?

कॅलिफोर्नियात बसून काढलेलं डिझाईन जुलैमधल्या मुंबईत काय करतं हे विचारणं आपलं काम आहे, ते दुसरं कोणी विचारणार नाही. सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे माऊसवरचं ते मऊ, रबरासारखं कोटिंग. दुकानात हात लावला की फार भारी वाटतं, एकदम महागडं. माझ्याकडे असा एक माऊस होता, कंपनीचं नाव घेत नाही, तिसऱ्या पावसाळ्यात अंगठा टेकतो ती जागा चिकट झाली. आधी वाटलं खाल्ल्याचं काही लागलं असेल, पुसलं, पुन्हा चिकट. मग त्यावर कापसाचे तंतू, केस चिकटायला लागले, आणि शेवटी काम करून उठलं की अंगठ्याला काळा डाग. हे घाणीमुळे होत नाही. त्या कोटिंगमध्ये बहुतेक वेळा पॉलीयुरेथेन असतं, हवेतल्या ओलाव्याने त्याची रासायनिक साखळी हळूहळू तुटत जाते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असते तीही महिनोन् महिने. आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन घासलं की ते कोटिंग निघून जातं आणि खालचं साधं प्लास्टिक वर येतं, माऊस पुढे छान चालतो.

वादात हे कसं मांडायचं? "मऊ कोटिंग नको" असं सरसकट म्हणू नका, कोरड्या हवेत ते टिकतं आणि पकड खरंच चांगली येते. असं म्हणा की हा माऊस तुम्ही भारतात विकताय, किनाऱ्यावरच्या शहरांत विकताय, तर इथे खरखरीत कडक प्लास्टिक द्या. पकड त्यातूनही येते. ह्याला उत्तर देणं कठीण आहे.

टेबलाचंही तसंच. 104 बटणांचा पूर्ण कीबोर्ड साधारण 44 सेंटीमीटर लांब असतो, नंबरपॅड काढला की 36 च्या आसपास. कांदिवली-भांडुपच्या वन बीएचकेमध्ये जिथे एकाच टेबलावर एकाचं ऑफिस आणि दुसऱ्याचा अभ्यास चालतो तिथे ते आठ सेंटीमीटर फार असतात, शिवाय नंबरपॅडमुळे माऊस उजवीकडे ढकलला जातो आणि खांदा दुखतो. पण अकाउंट्सवाल्या ताईंना विचारा, नंबरपॅड काढायचा म्हटला तर त्या कीबोर्डच परत करतील, आणि त्यांचं बरोबर आहे. म्हणून "कोणासाठी" हे ठरल्याशिवाय कीबोर्डच्या आकारावर वाद सुरूच करू नका.

डावखुऱ्या माणसाचाही विचार करा. अंगठ्याला खोबण दिलेला माऊस उजव्या हाताला मस्त बसतो आणि डावऱ्याला तो वापरताच येत नाही, ऑफिससाठी एकच मॉडेल घ्यायचं असेल तर दोन्ही बाजूंनी सारखा घ्या. चर्चगेट असो की ठाणे, घरातल्या एक्स्टेन्शन बोर्डावर एक रुंद अडॅप्टर लावला की शेजारचे दोन सॉकेट झाकले जातात, हेही डिझाईनच आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही, बोला.

आणि भाषा. आपण मराठी टाईप करतो, रुपयाचं चिन्ह टाईप करतो, तर कीबोर्डवर त्याचा विचार झालाय का हे बघायलाच पाहिजे. रुपयाचं ₹ हे चिन्ह सरकारने 15 जुलै 2010 ला स्वीकारलं, ते काढणारे उदय कुमार आपल्या पवईच्या आयआयटीत डिझाईन शिकलेले. विंडोजमध्ये इंग्लिश इंडिया लेआऊट ठेवला तर उजवं ऑल्ट धरून 4 दाबलं की ते उमटतं. आता अनेक छोट्या कीबोर्डवर उजवं ऑल्टच काढून टाकलेलं असतं किंवा एफएन (Fn) बटणाखाली लपवलेलं असतं, मग कंट्रोल आणि ऑल्ट एकत्र धरून 4 दाबायला लागतं, चालतं पण बोटांची कसरत होते. तसंच 2024 च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने कोपायलट ह्या आपल्या एआय मदतनिसाचं वेगळं बटण जाहीर केलं आणि बऱ्याच लॅपटॉपवर ते उजव्या कंट्रोलच्या जागी बसलं. ज्यांना एका हातानेच शॉर्टकट मारायला लागतात, किंवा ज्यांचा डावा हात माऊसवर असतो, त्यांच्यासाठी उजवं कंट्रोल रोजच्या कामाचं आहे. एका नव्या फीचरच्या जाहिरातीसाठी त्यांचं बटण गेलं, आणि त्यांना कोणी विचारलं नाही. मला ह्याचा खरंच राग येतो.

खापर योग्य माणसावर फोडा

"माऊस अडकतोय, कर्सर उड्या मारतोय, फालतू डिझाईन" अशी तक्रार आली की आधी लॅपटॉपची बाजू बघा. माऊसचा छोटा रिसीव्हर यूएसबी 3.0 पोर्टात असेल आणि शेजारच्याच पोर्टात हार्ड डिस्क चालू असेल तर गडबड बहुतेक तिथे आहे. यूएसबी 3.0 चालू असताना 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ लहरींचा गोंधळ पसरतो आणि वायरलेस माऊस त्याच पट्ट्यात बोलतो, इंटेलने 2012 मध्येच ह्यावर व्हाईट पेपर काढून सांगितलंय. रिसीव्हर एका छोट्या यूएसबी एक्स्टेन्शन केबलने हातभर लांब, माऊसजवळ आणा. अडकणं थांबलं तर माऊस निर्दोष. मग वाद असा होतो की लॅपटॉपवाल्यांनी दोन्ही पोर्ट खेटून का ठेवले आणि माऊसवाल्यांनी ती दीड फुटाची केबल बॉक्समध्ये का दिली नाही. दोन्ही प्रश्न चांगले आहेत आणि दोन्हींना वेगवेगळे लोक उत्तरदायी आहेत.

ही तपासणी वादाच्या आधी करायची, नंतर नाही.

समोरच्याची बाजू तुम्ही मांडा

आमच्याकडे एक नियम चालतो. वाद तापला की बाजू बदलायची, मॅजिक माऊसला शिव्या देणाऱ्याने पाच मिनिटं त्याची वकिली करायची, आणि मनापासून करायची. ज्याला ती करता येत नाही त्याने ती वस्तू नीट वापरलेलीच नसते. ह्याने दोन-तीन वेळा ऑर्डर बदललीय, कारण वकिली करताना माणसाला स्वतःच सापडतं की अरे, हे उंचीने कमी आहे म्हणून मनगट खाली राहतं, हे मला बरं वाटतंय.

नात्यात जरा सांभाळून. मामांनी पहिल्यांदाच महागडा कीबोर्ड घेतलाय आणि कौतुकाने दाखवतायत, तेव्हा "मामा, ह्याचं चार्जिंग पोर्ट चुकीच्या जागी आहे" हे पहिलं वाक्य असू नये. "मामा, मी जरा टाईप करून बघू?" म्हणा, वापरा, मग विचारा की चार्ज करताना केबल कुठून घेता. अडचण असेल तर ते स्वतःच सांगतात, आणि नसेल तर त्यांच्या टेबलावर ती अडचण नाहीच, मान्य करा. पैसे गेल्यानंतर माणूस वस्तूची बाजू घेतोच, तेव्हा वस्तू आणि घेणारा ह्यांना वेगळं ठेवणं तुमच्या हातात आहे.

वाद झाला, आता काय करायचं

नुसतं बोलून सोडू नका. युरोपात 28 डिसेंबर 2024 पासून मोबाईलबरोबर कीबोर्ड आणि माऊससुद्धा, वायरने चार्ज होणारे असतील तर, टाईप-सीवरच चार्ज झाले पाहिजेत असा कायदा लागू झाला, आणि वेगवेगळ्या चार्जरचा लोकांना वर्षानुवर्षं होणारा त्रास हे त्यामागचं एक कारण होतं. आपल्याकडे बॉक्सवर ग्राहक सेवेचा नंबर आणि ईमेल छापणं बंधनकारक आहे, तो वापरा.

कायद्याच्या बाजूने एक फरक लक्षात ठेवा. पोर्टची जागा आवडली नाही हा दोष धरला जात नाही. पण बॉक्सवर "टाईप-सी फास्ट चार्जिंग" लिहिलंय आणि सी-टू-सीने चार्जच होत नाही, तर तिथे लिहिलेलं आणि दिलेलं जुळत नाही, तिथे तुमची बाजू भक्कम आहे. आधी दुकानदार, मग कंपनी, आणि दोघांनी टाळलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन 1915, तिथे मराठीत बोलता येतं. बिल जपून ठेवा, बिल नको म्हणून शंभर रुपये कमी करून घेतले की ही दारं बहुतेक बंद.

कंपनीला लिहिताना असं लिहा, मी हाच मजकूर थोडाफार बदलून वापरते:

"नमस्कार, आपला अमुक मॉडेलचा माऊस अमुक तारखेला घेतला, बिल सोबत आहे. बॉक्सवर टाईप-सी चार्जिंग लिहिलं आहे. सोबतच्या केबलने चार्ज होतो, पण दोन्ही बाजूंनी टाईप-सी असलेल्या केबलने होत नाही. तीन वेगवेगळ्या चार्जरवर तपासलं, व्हिडिओ जोडला आहे. सीसी पिनांवर 5.1 किलोओमचे रेझिस्टर दिलेले आहेत का ते कळवा. नसतील तर वस्तू बदलून द्या किंवा पैसे परत करा, आणि पुढच्या बॅचमध्ये ते घाला."

व्हिडिओ वीस सेकंदांचा पुरतो, एकाच फ्रेममध्ये चार्जर, केबल आणि माऊसचा लाईट दिसला पाहिजे, आधी न लागणारी केबल लावायची, मग लागणारी, कट न करता. विषयाच्या ओळीत मॉडेल नंबर घाला म्हणजे मेल योग्य टेबलावर जातो. उत्तर आलं की ते, चांगलं असो वाईट असो, जिथून वस्तू घेतली त्या साईटवरच्या रिव्ह्यूमध्ये तारखेसकट टाका, त्याच मॉडेलची ऑर्डर द्यायला बसलेला दुसरा कोणीतरी ते वाचूनच ठरवणार आहे.